कडधान्य किती दाट पेरावं? पुणे जिल्ह्यात पहिल्यांदा पेरणाऱ्यांसाठी

कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर नवा शेतकरी लगेच ओळखू येतो. तो विचारतो, "हरभरा एकरी किती किलो पडतो?" समोरून उत्तर येतं, "तीस." तीस किलोंची पिशवी गाडीत पडते आणि दाट-विरळचा निकाल तिथेच लागतो, तोही वाण, जमीन, पाणी यांतलं काहीच न विचारता.

पुण्यात नोकरी सांभाळून शिरूर, दौंड, पुरंदर, जुन्नर भागातली वडिलोपार्जित जमीन हाती घेणारे बरेच जण आहेत. आठवड्यातून एकदा शेतावर जाणाऱ्याला ऊस-भाजीपाल्यापेक्षा हरभरा, तूर, मूग, सोयाबीन सोयीचे वाटतात. (सोयाबीन सरकारदरबारी तेलबियांत मोडतं, पण झाड शेंगवर्गीयच, म्हणून इथे घेतलंय.) ही पिकं सोशिक असली तरी एकरी किती रोपं उभी राहतात यावर पुढचं तण, रोग, पाणी, काढणी सगळं अवलंबून असतं. ती संख्या आधी ठरवायची कशी आणि उगवल्यावर तपासायची कशी, ते क्रमाने सांगतो.

१. आधी एवढं समजून घ्या

एकरी उत्पादन चार गोष्टींच्या गुणाकारातून येतं: रोपांची संख्या, एका रोपावरच्या शेंगा किंवा घाटे, एका शेंगेतले दाणे आणि दाण्याचं वजन. यातली पहिली गोष्ट तुमच्या हातात आहे. बाकीच्या पीक स्वतः जुळवून घेतं.

हरभऱ्याला मोकळी जागा मिळाली की तो फांद्या काढतो, फांद्यांवर घाटे वाढतात. दाटीत तोच हरभरा उंच, काडीसारखा होतो आणि घाटे फक्त वरच्या भागात धरतो. त्यामुळे रोपं दुप्पट केली म्हणून उत्पादन दुप्पट होत नाही. सुरुवातीला रोपं वाढतील तसं उत्पादन वाढतं, मग बराच मोठा टप्पा असा येतो की रोपं वाढवली तरी उतारा जवळपास तेवढाच राहतो. या टप्प्यात टाकलेलं जादा बी म्हणजे निव्वळ वाया गेलेला पैसा. त्याच्याही पुढे गेलात की उत्पादन खाली येऊ लागतं, आणि कोरडवाहूत ते लवकर येतं. कारण दाट पीक जमिनीतली ओल फुलोऱ्यापर्यंतच पिऊन टाकतं, दाणा भरायच्या वेळी खाली काही उरत नाही.

विरळ पेरणीचाही तोटा आहेच. पानांनी दोन ओळींमधली जागा झाकायला वेळ लागतो, तोवर मोकळ्या जागेत तण माजतं आणि खुरपणीची मजुरी वाढते. घाटेही जमिनीलगत लागतात. हार्वेस्टरने काढणी करायची असेल तर ते घाटे शेतातच राहतात. यंत्राने काढायचं असेल तर 'फुले विक्रम'सारखा उंच वाण घ्या आणि रोपसंख्या कमी पडू देऊ नका.

मुळांवरच्या गाठींचं गणितही यातच येतं. गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरून पिकाला देतात, पण त्यांना साखर पुरवायची ती पानांनीच. दाटीत सावलीखाली अडकलेल्या रोपाकडे द्यायला साखर कमी असते, म्हणून त्याच्या गाठीही कमी आणि लहान राहतात.

२. अंतर ठरवा: दोन वेगळे प्रश्न आहेत

नव्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. एक जण सांगतो, "हलक्या रानात दाट पेर." दुसरा सांगतो, "हलक्या रानात ओल नाही, विरळ पेर." दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.

रोप किती पसरणार, यावरून ओळींतलं अंतर ठरतं. मध्यम-हलक्या जमिनीत रोप लहान राहतं, म्हणून ओळी जवळ. भारी काळ्या रानात, पाण्याखाली ते फोफावतं, म्हणून ओळी लांब. आहे ती ओल किती रोपांना शेवटपर्यंत पुरणार, यावरून एकूण संख्या ठरते. कोरडवाहूत ओळी जवळ ठेवल्या तरी ओळीतली रोपं कोंबू नयेत, ती याचसाठी.

सुरुवातीला ही अंतरं धरा (पहिला आकडा दोन ओळींमधला, दुसरा ओळीतल्या दोन रोपांमधला):

- हरभरा, देशी वाण: ३० × १० सेंमी. एकरी साधारण १ लाख ३५ हजार रोपं.
- हरभरा, टपोरा काबुली: ४५ × १० सेंमी. एकरी ९० हजार.
- हरभरा, भारी जमीन, पाण्याची सोय: ९० सेंमीवर सऱ्या सोडून वरंब्याच्या दोन्ही बाजूंना १० सेंमीवर टोकण (हाताने एकेक बी खोचणं). हीही ९० हजारांच्या आसपास जाते.
- मूग, उडीद: ३० × १० सेंमी.
- सोयाबीन: भारी जमिनीत ४५ × ५ सेंमी, एकरी १ लाख ८० हजार. मध्यम जमिनीत ३० × १० सेंमी.
- तूर: वाणाप्रमाणे फार फरक पडतो. तिच्यासाठी पुढे वेगळी पायरी आहे.

तुमचं अंतर यात नसेल तर हिशेब सोपा आहे. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्याला ओळींतल्या आणि रोपांतल्या अंतराच्या (दोन्ही मीटरमध्ये) गुणाकाराने भागा. ०.३० × ०.१० म्हणजे ०.०३, ४,०४७ भागिले ०.०३ म्हणजे १ लाख ३४ हजार ९००.

मावळ, भोर, वेल्ह्याकडे भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर हरभरा, वाल, मसूर घेतात. तिथे बी फोकून टाकायची पद्धत असेल तर ही अंतरं लागू पडत नाहीत. फोकलेलं बरंचसं बी वरच राहतं आणि पाखरं टिपतात, म्हणून बी जास्त लागतं. शक्य असेल तिथे टोकणच करा.

३. साहित्य जमवा

स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये दाखवणारा वजनकाटा, मोजपट्टी, दोरी, चार खुंट्या, गोणपाटाचा तुकडा, वही. बस. मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर आहेच.

४. शंभर दाणे मोजा

पिशवी आणली की तिच्यातून वेगवेगळ्या ठिकाणचे शंभर दाणे काढून वजन करा. हे तीन-चार वेळा करून सरासरी घ्या. निवडून टपोरे दाणे घेऊ नका, हात जातोच तिकडे.

मग उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा. आठवडाभरात किती धडधाकट मोड आले ते मोजा. प्रमाणित बियाण्याला हरभऱ्यात किमान ८५ टक्के, तूर-मूग-उडदात ७५ टक्के आणि सोयाबीनमध्ये ७० टक्के उगवण असावी लागते. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. पोतं आपटलं, थप्पी उंच लावली की आतला मोड दुखावतो आणि वरून काहीच दिसत नाही. घरचं सोयाबीन पेरणार असाल तर ही तपासणी टाळूच नका.

५. किलोंचा हिशेब

सूत्र असं: हवी असलेली रोपं × शंभर दाण्यांचं वजन (ग्रॅम) ÷ १,००,०००. हे झाले शंभर टक्के उगवणीला लागणारे किलो. त्याला उगवणीने भागा, मग शेतात होणारी तूट धरा. मुंग्या, पाखरं, कोरड्यात पडलेलं बी, मर रोग, या सगळ्यासाठी मी १० टक्के धरतो.

उदाहरण घेऊ. बारीक दाण्याचा हरभरा, शंभर दाण्यांचं वजन १८ ग्रॅम. १ लाख ३५ हजार रोपांना २४.३ किलो. ८५ टक्के उगवणीला २८.६ किलो. दहा टक्के तूट धरली की साधारण ३२ किलो. आता २५ ग्रॅमवाला मध्यम दाणा घ्या. तोच हिशेब ४४ किलोंवर जातो.

काउंटरवरचे सरसकट 'तीस किलो' धरले तर काय होतं, तेही पाहा. १८ ग्रॅमच्या बियाण्यातून एकरी १ लाख २७ हजार रोपं उभी राहतील, ठीक आहे. २५ ग्रॅमच्या बियाण्यातून ९२ हजार. आणि ५० ग्रॅमच्या काबुलीतून जेमतेम ४६ हजार, म्हणजे ४५ × १० च्या हिशेबानेही निम्मीच.

सोयाबीनला १२ ग्रॅमचा दाणा, १ लाख ८० हजार रोपं, ७० टक्के उगवण धरली तर शेतातली तूट सोडून ३१ किलो येतात. एकरी ३० किलोची नेहमीची शिफारस इथे जवळपास बसते. पण उगवण ८५ टक्के निघाली तर तेवढंच बी ओतू नका. सोयाबीन दाट झालं की ऑगस्टच्या पावसात लोळतं, खालच्या शेंगा कुजतात.

६. पेरणीयंत्र शेताबाहेर तपासा

ट्रॅक्टरवाला म्हणतो, "साहेब, सेटिंग लावलेलंच आहे." ते मागच्या शेतातल्या बियाण्याला लावलेलं असतं. दाण्याचा आकार बदलला की पडणारं बी बदलतं.

यंत्र उचलून चाक मोकळं करा. चाकाचा परीघ मोजा. समजा दीड मीटर भरला आणि पाच फण (बी पाडणारे दाते) ३० सेंमीवर आहेत, म्हणजे पेरणीची रुंदीही दीड मीटर. चाक वीस वेळा फिरवलं तर ४५ चौरस मीटर पेरल्यासारखं झालं. एकरी ३२ किलोच्या हिशेबाने तेवढ्यात साधारण ३५५ ग्रॅम बी पडायला हवं. प्रत्येक नळीखाली वेगळी पिशवी बांधा, म्हणजे कुठली नळी तुंबते तेही कळेल. फणांतलं अंतर मोजपट्टीने स्वतः मोजा. भाड्याच्या यंत्रावर ते बहुतेक वेळा सोयाबीनच्या ४५ सेंमीवरच असतं.

बैलाच्या पाभरीने पेरत असाल तर चाड्यावरचा (बी सोडायच्या नरसाळ्यावरचा) हात हेच यंत्र. चाड्यावर जाणता माणूसच बसवा आणि पहिल्या दोन फेऱ्यांनंतर बी किती संपलं ते पाहून घ्या.

७. बीजप्रक्रिया आणि पेरणी

आधी बुरशीनाशक किंवा ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी (किलोला ५ ग्रॅम), नंतर रायझोबियम, म्हणजे गाठींतल्या जिवाणूंचं खत (दहा किलोला २५० ग्रॅमचं पाकीट), सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. रायझोबियम पिकाप्रमाणे वेगळं येतं. हरभऱ्याचं सोयाबीनला चालत नाही.

सोयाबीन ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि ३ ते ५ सेंमीपेक्षा खोल नको. कोरडवाहू हरभरा सप्टेंबरच्या शेवटापासून १० ऑक्टोबरपर्यंत, बागायती २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर. उशीर झाला तर झाडाला फांद्या काढायला थंडीचे दिवस कमी मिळतात, मग प्रत्येक रोप लहान राहतं. अशा वेळी बी थोडं वाढवणं शहाणपणाचं. लवकर पेरणीत मात्र जादा बियाण्याची गरज नसते.

८. रोपं मोजा

हे काम बहुतेक जण करत नाहीत, आणि खरी माहिती इथेच मिळते. पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी, उगवण पूर्ण झाल्यावर, एकराच्या हजाराव्या भागातली रोपं मोजायची. त्यासाठी ओळीची ही लांबी घ्या:

- ३० सेंमीच्या ओळी: १३.५ मीटर
- ४५ सेंमीच्या ओळी: ९ मीटर
- ६० सेंमीच्या ओळी: ६.७५ मीटर
- ९० सेंमीच्या ओळी: ४.५ मीटर

दोरी तेवढी कापून ओळीला लावा, रोपं मोजा, पुढे तीन शून्यं लावा. हरभऱ्यात १३.५ मीटरला १३५ रोपं म्हणजे तुम्ही बरोबर ठिकाणी आहात. बांधाजवळ मोजू नका आणि चांगली दिसणारी ओळ निवडू नका. डोळे मिटून खडा टाका, तिथून दोरी लावा. शेतात पाच-सहा ठिकाणी तरी मोजा.

सरासरीइतकंच महत्त्व वाटणीला आहे. एका दोरीत १६० आणि दुसऱ्यात ७० असतील तर सरासरी छान दिसेल, पण पीक तसं नसेल. बाजूचं रोप लहानशी तूट भरून काढतं, हातभर लांबीचं तुटाळ भरून काढू शकत नाही. तिथे तणच येतं.

आता निर्णय. हव्या संख्येच्या दोन-तृतीयांश रोपं असतील आणि सारखी पसरलेली असतील, तर हरभरा किंवा सोयाबीन मोडून दुबार पेरणी करू नका. फांद्या काढून पीक बरीच तूट भरतं, आणि दुबार पेरणीत बियाण्यासोबत हंगामाचे दिवसही जातात. निम्म्याहून कमी असतील तर जाणत्या माणसाला शेतात बोलवा. तुटाळं असतील तर उगवणीनंतर आठ-दहा दिवसांच्या आत नांगे भरा, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा लावा. त्यानंतर लावलेली रोपं मोठ्यांच्या सावलीत राहतात आणि काढणीला हिरवीच सापडतात.

उगवण खूपच कमी असेल आणि बियाण्याचा संशय असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. तालुका पातळीवरची तक्रार निवारण समिती शेत पाहायला येते. त्यासाठी पक्कं बिल, पिशवी, तिचा टॅग आणि पिशवीतलं मूठभर बी जपून ठेवलेलं असावं. पिशवी कापताना टॅगच्या बाजूने कापू नका, खालून कापा.

९. विरळणी: हात आखडू नका

रोपं जादा झाली असतील तर पंधरा-वीस दिवसांच्या आत, ओल असताना उपटा. आपणच पेरलेलं आपणच उपटायचं म्हटलं की जिवावर येतं, घरातले वडीलधारेही नाराज होतात. तरी टोकण केलेल्या तुरीत एका जागी एकच जोमदार रोप ठेवा. यंत्राने पेरलेल्या हरभऱ्यात मात्र हाताने विरळणी परवडत नाही, म्हणूनच पाचवी आणि सहावी पायरी नीट करायची.

१०. तूर: सुरुवातीला रिकामी दिसणारच

तुरीत दाटी-विरळीचा खेळ सगळ्यात मोठा आहे. 'आयसीपीएल ८७'सारखा बुटका, लवकर येणारा वाण ४५ × १० सेंमीवर पेरतात, म्हणजे एकरी ९० हजार रोपं. मध्यम मुदतीचा पसरणारा वाण ९० × २० सेंमीवर लावला तर साडेबावीस हजार. भारी जमिनीत ठिबकावर १२० × ३० सेंमी ठेवणारे आहेत, तिथे सव्वाअकरा हजार. आठपट फरक, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. म्हणून तुरीत वाणाचं नाव कळल्याशिवाय अंतर विचारूच नका.

नव्या माणसाची फसगत अशी होते: तूर पहिले दीड-दोन महिने हळू वाढते. ९० सेंमीच्या ओळींत सगळं रान उघडं दिसतं, रविवारी शेतावर गेलेला माणूस घाबरतो आणि मध्ये आणखी तूर टोकून घेतो. ऑक्टोबरमध्ये त्याच रानात आत शिरता येत नाही, फवारणीचं औषध खाली पोचत नाही, आणि फुलं फक्त शेंड्याला.

त्या रिकाम्या जागेत लवकर निघणारं आंतरपीक घ्या. तूर आणि मूग किंवा उडीद १:३, तूर आणि बाजरी १:२, तूर आणि सोयाबीन १:३ किंवा १:४, ही ओळींची प्रमाणं रुळलेली आहेत. शिरूर, दौंड, बारामती, इंदापूरच्या कमी पावसाच्या पट्ट्यात बाजरी-तूर जुनीच जोडी आहे. बाजरी निघाली की परतीच्या पावसावर तूर फोफावते. आंतरपिकात प्रत्येक पिकाच्या ओळीतलं अंतर आपापलंच ठेवा, दोन्ही दाट करून 'दोन्ही भरपूर' होत नाही.

अंतर जास्त ठेवलंत तर साधारण ४५ दिवसांनी शेंडा खुडा, बाजूच्या फांद्या वाढतात. दाट तुरीत खुडणीचा फायदा नाही, फांदीला जायला जागाच नसते.

११. पाणी आणि कीड दाटीप्रमाणे सांभाळा

बागायती हरभऱ्याला दोन पाणी असतील तर ३० ते ३५ आणि ६० ते ६५ दिवसांनी द्या. दाट पेरलेल्या हरभऱ्याला तुषार लावून वरचेवर पाणी दिलं की पाला होतो, घाटे नाही. फुलोऱ्याच्या आधी, महिनाभराचं पीक असताना शेंडे खुडले तर फांद्या फुटतात. ती खुडलेली कोवळी भाजी मंडईत विकलीही जाते, निदान घरी तरी होते.

घाटेअळी दाट पिकात आत लपते. वरून पाहून "अळी नाही" म्हणू नका. ओळीत बसून रोपं बाजूला करा. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या तर उपाय करायची वेळ आली. फवारणीला जाता येईल अशी वाट दर काही ओळींनंतर पेरतानाच मोकळी सोडा.

१२. तुमच्या रानाचा आकडा तुम्हीच काढा

वरची अंतरं सुरुवातीसाठी आहेत. पहिल्याच हंगामात एकाच वाणाचे तीन पट्टे वेगवेगळ्या दाटीने पेरा: शिफारशीइतका, थोडा दाट, थोडा विरळ. काढणीला प्रत्येकातला एक गुंठा (३३ × ३३ फूट) खुंट्या ठोकून वेगळा काढा, मळा, वजन करा. वजनाशेजारी उभ्या रोपांची संख्या आणि बियाण्याचा खर्च लिहा. दाट पट्ट्यात चार किलो जास्त निघाले आणि जादा बियाण्याला त्याहून अधिक पैसे गेले, तर उत्तर मिळालं. पावसाप्रमाणे हा निकाल बदलतो, म्हणून दोन-तीन वर्षं तरी हे करा.

अडलं तर बारामती आणि नारायणगाव इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. तिथे जाताना वाणाचं नाव, पेरणीची तारीख, ओळींतलं अंतर आणि दोरीने मोजलेली संख्या घेऊन जा. "पीक बरं दिसत नाही" एवढंच सांगितलं तर तिकडूनही मोघम उत्तर येतं.

१३. कागदपत्रं

- सातबारा आणि आठ-अ उतारा
- आधार कार्ड, बँक पासबुक
- शेतकरी ओळख क्रमांक (योजनेतल्या बियाण्यासाठी आणि यंत्राच्या अनुदानासाठी मागतात)
- बियाण्याचं बिल आणि टॅग
- माती तपासणीचा अहवाल

पेरणी झाली की ई-पीक पाहणी (सातबाऱ्यावर पिकाची नोंद) मोबाइलवर मुदतीत करून टाका, शेतात उभं राहूनच फोटो काढावा लागतो. तूर-बाजरी किंवा तूर-सोयाबीन असेल तर मिश्र पीक म्हणून दोन्हींची नोंद करा. नुसती बाजरी नोंदवलीत तर पुढे हमीभाव केंद्रावर तुरीची नोंदणी करताना सातबाऱ्यावर तूर सापडणार नाही, आणि तोवर दुरुस्तीची मुदत निघून गेलेली असते.